पेव, पॉडकास्ट आणि नोटीस

आमच्या पेढीवर शब्दाला किंमत होती, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. रुमालाखाली बोटे दाबून हळदीचा भाव ठरे आणि त्यावर गाड्या सुटत. कागद मागाहून होत असे. अशा घरात वाढलेल्या माणसाला, नुसते बोलणेदेखील कायद्याच्या कक्षेत येते, हे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वकिलाच्या नोटिशीतून कळावे, याचा मला अजूनही थोडा संकोच वाटतो.

माझा पुतण्या दोन वर्षांपासून सांगलीच्या जुन्या बाजारपेठेवर पॉडकास्ट करतो. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांनी तो मोबाईलवर हवा तेव्हा ऐकायचा रेडिओ समजावा. ‘‘काका, सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत, तुम्ही बसाच,’’ असा त्याचा आग्रह होता. गोदामाच्या खिडकीला रजई टांगून आवाज आवरला आणि मी तासभर हरिपूरच्या पेवांविषयी बोललो. अरुंद तोंडाची, आत पोट सुटत गेलेली ती जमिनीतली कोठारे, त्यांत वर्षानुवर्षे टिकणारी हळद, पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचे नाही हा दंडक आणि 2005 च्या महापुराने त्या साऱ्या व्यवस्थेची केलेली वाताहत, असे सगळे सांगितले. बोलता बोलता रंगलो. रंगलो की जिभेला लगाम राहत नाही, असे माझी पत्नी नेहमी म्हणते.

त्या भरात एका पेढीची गोष्ट सांगितली. मी अकरा-बारा वर्षांचा असताना आमच्या वडिलांनी शेतकऱ्यांची हळद त्या पेढीच्या पेवात ठेवली होती. पेवात पाणी शिरले आणि माल गेला, असे पेढीने कळवले. आमच्या घरात मात्र पुढे कायम एकच वाक्य ऐकू येई. ते मी जसेच्या तसे माईकसमोर म्हणालो : ‘‘पेव बुडाले नव्हते, बुडवले होते.’’ पेढीचे नावही घेतले. पुतण्याने नेमके तेच वाक्य कापून त्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत केली. तासभराचा भाग फारसा कुणी ऐकला नाही. ती चित्रफीत मात्र आमच्या व्याह्यांपर्यंत पोहोचली.

तीन आठवड्यांनी नोटीस आली, मला आणि पुतण्याला, दोघांनाही. पाठवणारा त्या पेढीच्या मालकांचा नातू. आजही आमच्या दुकानापासून चार दुकाने सोडून त्याचे दुकान आहे आणि रोज सकाळी आमचा नमस्कार होतो.

माझी पहिली प्रतिक्रिया व्यापाऱ्याची होती. ज्यांच्याबद्दल बोललो ते जाऊन चाळीस वर्षे झाली; मृताची कसली आली बदनामी? वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 356 काढले. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेतील 499 आणि 500 या कलमांची जागा त्याने घेतली आहे. त्याचे पहिलेच स्पष्टीकरण सांगते की, एखादा आरोप मृत व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधक ठरला असता आणि त्यातून तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल, तर तीही बदनामी होऊ शकते. दुसरे स्पष्टीकरण कंपनी आणि व्यक्तिसमूहाविषयी आहे. म्हणजे पेढीचे नावही सुरक्षित अंतरावर नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. ‘समाजसेवा’ ऐकून पुतण्याला हसू आले. मला आले नाही.

‘‘पण ते खरे आहे,’’ मी म्हणालो.

‘‘सिद्ध करू शकाल?’’ त्यांनी विचारले. ‘‘आणि केलेत, तरी फौजदारीत तेवढ्याने भागत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.’’

दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव असतो, फौजदारीत सत्याला लोकहिताची जोड लागते, हा फरक मला त्या दिवशी प्रथम समजला. पुतण्याचा समज वेगळाच होता. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द केल्यापासून इंटरनेटवर बोलायला मोकळीक आहे, असे त्याच्या मित्रमंडळीत बोलले जाते. ते कलम खरोखरच जाचक होते. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील साध्या मजकुरासाठी अटक झाल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण ते एक कलम गेले म्हणून बदनामीचा कायदा गेला नाही. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने फौजदारी बदनामीची तरतूद घटनेला धरूनच आहे, असा निर्वाळा दिला.

पुतण्याने शेवटचा प्रयत्न केला. ‘‘मी फक्त रेकॉर्ड केले, बोलले काका.’’ (घरातली माणसे अशी वेळेला ओळखू येतात!) तेही टिकले नाही. माझे शब्द निवडून, कापून लोकांसमोर ठेवणारा तोच. म्हणजे प्रकाशक तोच. ज्या कंपनीच्या व्यासपीठावर तो भाग ठेवला होता, तिला मध्यस्थ म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चे सशर्त कवच मिळते. भाग तयार करणाऱ्याला ते नाही. वर्तमानपत्रात निदान संपादक असतो, उपसंपादक असतो. इथे एक विशीतला मुलगा आणि एक बडबड्या काका.

मग वकीलसाहेबांनी बाकीचे भागही ऐकले आणि नवे प्रश्न निघाले. प्रत्येक भागाच्या आरंभी पन्नासच्या दशकातील एका चित्रपटगीताचा तुकडा वाजत असे. ‘‘तीस सेकंदांपेक्षा कमी चालते,’’ हा पुतण्याचा ठाम विश्वास. असा कोणताही आकडा 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून ती तबकडी आता खुली म्हणता येईल. पण गीतकाराचे शब्द आणि संगीतकाराची चाल यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. एकाच गाण्यात असे वेगवेगळे मालक बसलेले असतात. यूट्यूबवर नव्वद दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या, तर अख्खे चॅनेल बंद होऊ शकते.

मंडळातील भगिनी मंदिरात चित्रपटगीतांच्या चालींवर स्तवने गातात, त्यांची काळजी मी लगेच बोलून दाखवली. प्रामाणिकपणे चाललेल्या धार्मिक विधीत असे सादरीकरण झाले, तर त्याला कायद्याने सूट आहे. लग्नाच्या वरातीलाही आहे. मात्र त्याचे चित्रीकरण करून ते चॅनेलवर कायमचे ठेवले, तर तीच सूट मिळेल असे गृहीत धरू नका, असे त्यांनी बजावले. आपल्या अनेक मंडळांची चॅनेले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. जाहिरातीचेही तसेच : मसाल्याच्या डब्यांच्या बदल्यात कुणी कौतुक करत असेल, तर तो मोबदला उघड सांगावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सारे ऐकून घरी आलो, पण मन त्या एका प्रश्नावरच अडले होते. सिद्ध करू शकाल? आमच्याकडे वह्या आहेत. माळ्यावरच्या लाकडी पेटीत वडिलांच्या खतावण्या लाल कापडात बांधलेल्या आहेत. नुसत्या वहीतील नोंदीवरून कुणावर देणे लादता येत नाही, तिला अन्य पुराव्याची जोड लागते, हे मला व्यापारामुळे माहीत होते. तरीही पाहायचे ठरवले. मोडी वाचायची सवय सुटलेली, अक्षर बारीक. दोन दिवस भिंग घेऊन बसलो.

त्या पेढीचे खाते सापडले. नावे बाजूला हळदीची पोती आणि रक्कम होती. जमा बाजू कोरी असेल, अशी माझी खात्री होती. ती कोरी नव्हती. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे एक रक्कम, कधी थोडी जास्त, कधी अगदी किरकोळ. अशी सात वर्षे. शेवटच्या नोंदीखाली वडिलांच्या हातचे दोनच शब्द : बाकी नाही.

पेव कसे बुडाले, याविषयी वहीत अक्षरही नव्हते. वडिलांनी ते वाक्य कधी उच्चारल्याचे, आठवू गेलो तर, मला आठवेना. ते आमचे चुलत आजोबा म्हणत, ओसरीवर बसून, जेवण झाल्यावर. साठ वर्षे मी त्यांचे वाक्य वडिलांच्या नावावर जमा करत होतो.

वकीलसाहेबांचा सल्ला होता की, चित्रफीत आणि भाग ताबडतोब काढा, त्यांच्या वकिलांमार्फत बोलणी करा. बदनामीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. चित्रफीत त्याच रात्री काढली. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांचे न ऐकता खतावणी पिशवीत घालून चार दुकाने ओलांडली.

तो गल्ल्यावर होता. उठला नाही, पण खुर्ची पुढे केली. मी ते पान उघडून एकेक नोंद वाचून दाखवली. पाचव्या वर्षाची रक्कम ऐकून तो म्हणाला, ‘‘त्या साली आमच्या आत्याचे लग्न होते. आजीच्या पाटल्या मोडल्या, असे घरी सांगतात. लग्नासाठी मोडल्या, असेच आम्ही समजत होतो.’’ मग बराच वेळ कुणी बोलले नाही. दुकानात गिऱ्हाईक आले आणि गेले.

मी चूक कबूल केली आणि ज्या चॅनेलवरून बोललो तिथूनच दुरुस्ती सांगेन, असे म्हणालो. त्याने अट घातली की, मजकूर आधी लिहून त्याला दाखवायचा. मी लिहून दाखवला. त्याने त्यातील दोन विशेषणे काढली. ती काढल्यावर मजकूर बरा झाला, हे मान्य केले पाहिजे. नोटीस मागे घेतल्याचे पत्र पुढच्या महिन्यात आले.

पुतण्याने आता एक छापील कागद केला आहे. बोलणाऱ्याची लेखी संमती, ध्वनिमुद्रण कुठे आणि किती काळ वापरणार याचा तपशील, आणि प्रसिद्धीपूर्वी ऐकण्याचा हक्क. नावे घेऊन आरोप असतील, तर तो भाग आधी वकीलसाहेबांकडे जातो. दुरुस्तीच्या भागाआधी त्याने तो कागद माझ्यापुढेही ठेवला. घरच्या माणसाकडून सही घेतोस का, असे ओठांवर आले होते. चष्मा लावून दोन्ही पाने वाचली आणि सही केली.

निघताना त्या नातवाने खात्याच्या पानाची झेरॉक्स मागितली होती. मोडी त्याला येत नाही. म्हणून मी शेजारी बाळबोधीत सगळ्या नोंदी उतरवून दिल्या, तारखांसह.