जागा सांगा

‘किती फास्ट वाजवलंस!’ पियानो वाजवणाऱ्याला मिळणारी ही सर्वांत सोपी दाद आहे, आणि हल्ली तीच सर्वांत जास्त मिळते. माझे विद्यार्थी वाजवतात त्यातलं काही आम्ही चित्रित करून यूट्यूबवर टाकतो, अधूनमधून मी माझंही टाकते. त्यावर ओळखीचे-अनोळखी लोक जे कळवतात ते मी मनापासून वाचते. शोपँचा एखादा द्रुत एत्यूद असला की कौतुकाचा पाऊस पडतो. त्याच शोपँचं संथ नॉक्टर्न असलं की ‘छान’, ‘शांत वाटलं’, आणि मग सामसूम. ऐकणाऱ्यांना मी दोष देत नाही. वेग डोळ्यांना दिसतो, त्यामागची मेहनत लगेच पटते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर याचा परिणाम होताना मी पाहते. कौतुक कशाचं होतं हे मुलं फार लवकर ओळखतात, आणि पुढच्या आठवड्यात मेट्रोनोमचा वेग चार घरं वर गेलेला असतो.

संथ वाजवणं अवघड का, हे पियानोच्या पोटात डोकावलं की कळतं. पट्टी दाबली की हातोडी उडते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर तो स्वर वाजवणाऱ्याचा राहत नाही. गायकाला स्वर भरता येतो, सतारियाला तार खेचून मींड घेता येते. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरतच जातो. त्याला कधी सोडायचं आणि पेडल कधी उचलायचं, एवढंच हातात उरतं. म्हणून संथ ओळ सलग गायल्यासारखी वाटायला हवी असेल, तर आधीचा स्वर विरत विरत जिथवर आला आहे तिथूनच पुढचा उचलावा लागतो. जरा जोरात पडला की ओळ तुटते. त्यात बहुतेक वेळा धून उजव्या हाताच्या करंगळीकडे असते आणि बाकीची बोटं त्याच वेळी साथीचे स्वर वाजवत असतात. सर्वांत दुबळ्या बोटाने सर्वांत पुढे यायचं आणि बळकट बोटांनी मागे राहायचं! हे साधायला वर्षं जातात आणि व्हिडिओत यातलं काहीही दिसत नाही.

२०२२ साली फोर्ट वर्थच्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेत अठरा वर्षांच्या युनचान लिमने वाजवलेला रॅखमॅनिनॉफचा पियानो आणि वाद्यवृंदासाठीचा तिसरा कॉन्चेर्तो लाखो लोकांनी पाहिला. मला भेटणारा प्रत्येक जण त्यातल्या शेवटच्या भागाविषयी बोलतो, आणि तो भाग थरारक आहेच. पण तो कॉन्चेर्तो सुरू कसा होतो? दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतरावर एकच साधी धून वाजवतात, हळू आवाजात, जवळजवळ गळ्यातून निघावी तशी. त्या पहिल्या ओळींबद्दल मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

डोळे कानांवर किती कुरघोडी करतात याची मला खूप काळजी वाटते. चिया-जुंग त्साय या संशोधक मानसशास्त्राच्या, पण पियानोचं पक्कं शिक्षण घेतलेल्या. २०१३ साली त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगीत स्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या चित्रफिती त्यांनी लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं. नुसतं ऐकणाऱ्यांना विजेता नीट ओळखता आला नाही, नुसतं पाहणाऱ्यांना मात्र पुष्कळदा आला. त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. हे वाचल्यापासून मी विद्यार्थ्यांना कुणाचंही वाजवणं पहिल्यांदा ऐकवते ते पडदा झाकून.

पियानोवादिका मारिया जोआओ पिरेश यांची एक चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. अॅमस्टरडॅमला दुपारची मैफल, रिकार्डो शाई वाद्यवृंद चालवताहेत, आणि मोत्सार्टचा डी मायनर कॉन्चेर्तो सुरू होतो. पिरेश मोत्सार्टचाच, पण दुसराच कॉन्चेर्तो तयार करून आल्या आहेत. त्यांचा चेहरा पडतो, त्या काहीतरी पुटपुटतात, शाई हसून धीर देतात, आणि त्या आठवणीतून वाजवायला लागतात. लोक ही गोष्ट एकमेकांना सांगतात आणि माणसाच्या स्मरणशक्तीचं नवल करतात. नवल आहेच. पण वाद्यवृंदाची ती काळोखी, अस्वस्थ सुरुवात सरली की पियानो त्यातलं काहीच उचलत नाही. तो एकटाच, साथीशिवाय, एक नवी धून घेऊन येतो. भर गर्दीत कुणी हळू आवाजात स्वतःशी बोलावं, तसा. भेदरलेल्या अवस्थेत पिरेश ती ओळ किती मोकळी वाजवतात हे ऐकायला हवं. चेहऱ्याची गोष्ट इतकी जोरकस आहे की ही ओळ तिच्याखाली दबून जाते.

गोष्ट कानाला कशी फसवते याचं याहून कडू उदाहरण जॉयस हॅटो यांचं. या इंग्रज पियानोवादिका कर्करोगाशी झुंजत, लोकांपासून दूर राहून एकामागून एक कठीण कृती ध्वनिमुद्रित करत आहेत, असं सांगितलं जाई. शंभराहून अधिक सीडी निघाल्या आणि जाणत्या समीक्षकांनीही त्या डोक्यावर घेतल्या. २००७ साली कुणी तरी त्यातली लिस्टची एक सीडी संगणकात घातली, तर आयट्यून्सने वादक म्हणून लास्लो शिमॉन यांचं नाव दाखवलं. मग तपासात एकेक मुद्रण भलत्याच वादकाचं निघत गेलं, आणि हॅटो यांच्या पतीने नंतर ते कबूल केलं. मला यात समीक्षकांची फजिती फार महत्त्वाची वाटत नाही. मला ते मूळ वादक आठवतात. त्यांच्या नावाने तीच मुद्रणं बाजारात होती तेव्हा एवढी दाद मिळाली नव्हती.

पण दरवेळी गोष्ट खोटीच असते, असं नाही. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ यांनी १९२५ साली सोव्हिएत देश सोडला. ते परतले ६१ वर्षांनी, आणि २० एप्रिल १९८६ रोजी मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात वाजवायला बसले. त्या वेळी ते ८२ वर्षांचे होते. मुख्य कार्यक्रम झाल्यावर लोकाग्रहास्तव त्यांनी शूमानचं ‘ट्रॉयमेराय’ वाजवलं. कॅमेरा श्रोत्यांमधल्या एका माणसावर जातो. तो हलत नाही, गालावरून एक थेंब ओघळतो. आज ती फीत पाहणारे त्याच्याबरोबर रडतात, मीही रडले आहे. ‘ट्रॉयमेराय’ म्हणजे शूमानच्या १८३८ सालच्या तेरा छोट्या तुकड्यांपैकी सातवा. बोटांच्या हिशोबाने तो सोपा आहे, माझे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी तो वाजवतात. एक छोटी चढण पुन्हा पुन्हा येते. आधी ती वरच्या ‘एफ’पर्यंत जाते, मग ‘ए’पर्यंत. अगदी शेवटाजवळ ती पुन्हा त्याच ‘ए’वर पोचते, पण खालची हार्मनी आता वेगळी असते आणि शूमानने तिथे थांबण्याची खूण लिहिलेली असते. किती थांबायचं हे लिहिलेलं नाही. ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. त्या अश्रूंशिवायही ही फीत उभी राहते ती अशा जागांमुळे.

आमच्या गाण्याच्या दुनियेत ‘जागा’ हा शब्द रोजचा आहे. काय जागा घेतली, म्हणतात. पुण्यात वाढल्यामुळे सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मी लहानपणापासून बसले आहे. तिथे गायकाने एखादी जागा घेतली की त्याच क्षणी हजारो माणसं ‘वाः’ म्हणतात. गायकाला कळतं की नेमकं काय पोचलं. पियानोच्या मैफलीत आम्हाला हे सुख नाही. कृती संपेपर्यंत सभागृह श्वास रोखून बसतं आणि टाळ्या शेवटी, सगळ्याला मिळून पडतात. युरोपातही हे पूर्वापार नव्हतं. १७७८ साली मोत्सार्टची एक सिम्फनी पॅरिसमध्ये वाजली. त्याने वडिलांना पत्रात कळवलं, की पहिल्या भागाच्या मध्यावरची एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. ती येताच टाळ्या पडल्या, आणि शेवटाकडे त्याने ती पुन्हा आणली होती. शांत बसून ऐकण्याची शिस्त नंतरची. तिने संगीताला फार काही दिलं, पण वादकाकडून जागेवरची दाद काढून घेतली. पियानोवादक ग्लेन गूल्डला तर टाळ्याच नको होत्या. १९६४ नंतर त्याने मैफली सोडल्या आणि ध्वनिमुद्रणालाच वाहून घेतलं. त्याच्या बाखवर माझं प्रेम आहे, पण श्रोत्याकडे पाठ फिरवणं मला कधी पटलं नाही.

म्हणून फोनवर आलेल्या मुद्रणाचं मला मोल वाटतं. सभागृहात न देता येणारी दाद इथे देता येते, कारण प्रत्येक स्वराला मिनिट आणि सेकंदाचा पत्ता असतो. मी आता मुद्रण पाठवताना लोकांना एवढंच विचारते, कुठली जागा? माझी आत्या खयाल ऐकत मोठी झाली, पियानोचं नोटेशन तिला वाचता येत नाही. शोपँचं ई-फ्लॅट नॉक्टर्न ऐकून तिने विचारलं, ही एकच ओळ दरवेळी नव्या नक्षीने येते, ती तुझ्या मनाची की लिहिलेली? लिहिलेलीच आहे, पण ती ऐन वेळी सुचल्यासारखी वाजली पाहिजे, हे तिच्या प्रश्नातून मला पुन्हा आठवलं. तिला शेवटाकडची एक नक्षी सर्वांत आवडली. माझ्या एका वादक मैत्रिणीला नेमकी तीच फार रेंगाळलेली वाटली. दोघींची मतं उलट, पण बोट एकाच ठिकाणी. मला त्या ठिकाणापासून कामाला सुरुवात करता आली.

ऐकण्याची साधनंही सांभाळायला हवीत. फोनवर रेकॉर्ड करताना बहुतेक वेळा आवाजाची पातळी आपोआप जुळवली जाते. हळू वाजवलेलं वर उचललं जातं, जोराचं दाबलं जातं. ‘सगळं एकाच आवाजात वाटलं’ असं कुणी म्हणतं, तेव्हा तो त्या यंत्राविषयी बोलत असतो. म्हणून मी वेगळा रेकॉर्डर वापरते आणि पातळी हाताने पक्की करते. ऐकणाऱ्याच्या बाजूला फोनचा इवलासा स्पीकर असतो. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा. तिथवर तो स्पीकर पोचत नाही, डाव्या हाताचा पाया हरवतो, आणि कान वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधत राहतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडे पियानोचं लाकूड ओल धरतं, सूर चढतात. तेव्हा केलेलं मुद्रण मी शक्यतो कुणाला पाठवत नाही.

तुमच्या फोनवर ओळखीतल्या कुणा मुलीचं, शेजारच्या मुलाचं पियानोवादन येईल, तेव्हा एवढं करा. हेडफोन लावा, पहिल्या वेळी फोन पालथा ठेवून ऐका. मग त्या मुलाला ‘मस्त’ एवढंच न लिहिता कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला तुमचं लक्ष थांबलं ते लिहून पाठवा. कारण सांगता आलं नाही तरी चालेल.