तळाची पैज

आमच्या गावी, साखऱ्यात, उन्हाळा आला की पोरं विहिरीवरच. आधी पाठीला डबा, मग डब्याविना हातपाय, मग काठावरून मुटका, आणि शेवटी तळाचा गाळ मुठीत आणायची पैज. हे सगळं शिकणं मला फार आवडतं. धास्ती वाटते ती शेवटच्या बुडीची.

बुडीआधी पोरं भराभर श्वास घेतात. वाटतं, दम वाढला. प्रत्यक्षात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वासाची निकड त्याच्यामुळेच जाणवते, म्हणून इशारा येण्याआधीच प्राणवायू संपत येतो. १० मीटर पाण्याखाली दाब दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो, तसा उरलासुरला प्राणवायूही रक्ताला मिळेनासा होतो. पोरगं पाण्याच्या वरच्या थरातच शुद्ध हरपतं, धडपडही न करता. काठावरच्यांना वाटतं, अजून दम धरलाय.

आज पुतण्याला बजावलं: बुडीआधी शांत श्वास. कान दाटायला लागला की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर, नाही सुटला तर सरळ वर. जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट तरी विश्रांती. एक खाली तर एक वर, आणि वरच्याने तो बाहेर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हलवायची नाही.

"काका, मग पैज?"

पैज बंद, म्हटलं. तळ गाठायचा असेल तेव्हा मला हाक मार, मी येतो.