जुनंच, पण खोल!

मी मार्केटिंगमध्ये आहे. 'नवं काय?' या एका प्रश्नावर आमचं ऑफिस चालतं. नवी कॅम्पेन, नवी टॅगलाइन, नवा फंडा. जुनं काही घेऊन मीटिंगला गेलात तर बॉसचा चेहरा बघायचा! असो, पगार त्याचाच मिळतो. पण हा प्रश्न रविवारीही पाठ सोडत नाही.

आम्ही मूळचे वसईचे, आता भाईंदर पूर्वेला राहतो. ख्रिस्ती घर, त्यामुळे फोनवर देवाच्याही ऑफर्स येतात. कुणी यूट्यूबवरच्या नव्या पास्टरची लिंक पाठवतं, कुणी 'सात दिवसांत आयुष्य बदला' छाप शिबिराला बोलावतं. 'यार, एकदा ये तर, एकदम वेगळं आहे!' वेगळं असतंही... पुढच्या महिन्यात त्याहून वेगळं येईपर्यंत.

हे खूळ आपल्याच पिढीचं आहे असं समजू नका. बायबलमध्ये, 'प्रेषितांची कृत्ये'च्या १७व्या अध्यायात, अथेन्सचे लोक भेटतात. काहीतरी नवीन सांगण्या-ऐकण्यातच त्यांचा सगळा वेळ जायचा म्हणे!

पंडिता रमाबाईंना तर याचा मोठाच डोस मिळाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, क्वेकर तर भेटलेच, शिवाय मॉर्मन, थिऑसॉफिस्ट आणि मृतात्म्यांशी बोलणारेही भेटले. या कोलाहलाने त्या चक्रावून गेल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त नाही.

अशा वेळी आपण काय केलं असतं? आणखी एक पंथ शोधला असता. बाई मात्र खोल गेल्या. हिब्रू, ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला बसल्या. सुमारे १८ वर्षं हेच काम! १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्या भाषांतर पुरं करूनच. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकात राहिला नाही, कारण गेल्या वर्षी पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कुणी प्रार्थनेचं तेल आणलं, कुणी नव्या हीलिंग सभेचा पत्ता. प्रेम खरंच होतं, नाही म्हणत नाही. पण पप्पांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. एका संध्याकाळी आई उशाशी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली आणि पप्पांनी ती तिच्याबरोबर शेवटपर्यंत म्हटली. एकही शब्द न गाळता!

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज म्हटलेले शब्द कधीकधी असे टिकतात. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "म्हणजे देव नाही, सवय." असेल. पण मला वेगळीच धास्ती वाटली. उद्या माझ्यातलं सगळं पुसलं गेलं, तर काय उरेल? नेटबँकिंगचा पासवर्ड?

सध्या लोकलमध्ये संत मार्कचं शुभवर्तमान वाचतेय. चौघांतलं सगळ्यात छोटं, १६ अध्याय. भाईंदर ते अंधेरी एक अध्याय आरामात होतो. ही तिसरी फेरी. कधी चक्क बोअर होतं. पण दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवरून आणतात आणि गर्दीमुळे छप्पर उघडून येशूपुढे सोडतात. आधी मी फक्त चमत्कार वाचायचे. आता त्या चौघांकडे बघत बसते.

कारण लिफ्ट बंद असली की पप्पांना फिजिओथेरपीसाठी खुर्चीवरून खाली न्यावं लागतं. भाऊ, मी, शेजारचे काका आणि जवळच राहणारा तो 'सवय'वाला मित्र. आम्हीही चौघेच असतो.