चौथ्या महिन्यातली माहेरवाशीण

ताई आली त्या दिवशी आम्ही लावणीला होतो. 2009 चा आषाढ. पाऊस असा, की रायत्याच्या पुलावरून मुरबाडची एसटी सुटते का तिथंच थांबते याचा भरवसा नव्हता. बांधावर कोणीतरी उभं दिसलं. हातात कापडी पिशवी, डोक्यावर छत्री नाही. आय हातातली आवणाची मूठ टाकून चिखलातून तशीच धावली. ताईनं एवढंच विचारलं, "आये, जेवाय काय हाय?"

डोंबिवलीच्या चाळीत तिचा नवरा आधी पाठीवर मारायचा. त्या रात्री त्यानं पोटावर लाथ उगारली. पहाटे ती लोकलनं कल्याणला आली आणि एसटी स्टँड गाठला.

बानं गावात सांगितलं, बाळंतपणाला आणलीय. पण पहिलटकरीण माहेरी येते सातव्या महिन्यात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताईला चौथा. ओटी भरलेली नाही, आणायला मुऱ्हाळी गेलेला नाही. मुऱ्हाळी जायचा तो मी, तर गुडघाभर चिखलात होतो. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं.

शेजारचे तात्या बाला म्हणाले, "पोटुशी बाईला कोर्ट फारकत देत नाय. बाळंत होऊ दे, तवर गप ऱ्हा." आम्हाला ते खरंच वाटलं. जसं काही तोवर लाथाही थांबणार होत्या.

श्रावणात लावणी उरकली तेव्हा कल्याणच्या कोर्टात गेलो. विधी सेवेच्या वकीलबाई भेटल्या. बानं टोपी काढून आधी फी विचारली. त्या म्हणाल्या, बाईला हा वकील फुकट मिळतो, घरची कमाई कितीही असो. 1987 चा कायदा आहे. मग बानं तात्यांचं वाक्य सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "बाबा, पोटात मूल असलं तर घटस्फोट मागता येत नाही, असं हिंदू विवाह कायद्यात कुठंच नाही. लग्नाला वर्ष व्हावं लागतं एवढंच, आणि फारच छळ असला तर कोर्ट त्यातही सूट देतं." ताईचं लग्न 2008 च्या मे महिन्यातलं, म्हणजे तीही अडचण नव्हती. "पण पोटगीला फारकत लागतच नाही. लग्न उभं असतानाच मागायची." फौजदारी संहितेचं कलम 125, शिवाय 2006 पासून लागू झालेला घरगुती हिंसाचाराचा कायदा: मारहाण थांबवण्याचा हुकूम, राहायला जागा, दवाखान्याचा खर्च. तो अर्ज बाई जिथं आसऱ्याला आली तिथंही करता येतो, मुरबाडलाही चाललं असतं. नवऱ्याचं ठिकाण डोंबिवली म्हणून आम्ही कल्याणच धरलं.

लग्नपत्रिका, फोटो, केसपेपर दिले. पगाराची पावती कुठून आणणार? तो एमआयडीसीत कामाला, कुठल्या कंपनीत ते ताईनं सांगितलं.

मग तारखा. पोट घेऊन ताई एसटीत उभी राहायची; कधी कोणी जागा द्यायचं, कधी नाही. मार्गशीर्षात मुलगी झाली. बाळंतपणाला बानं एक म्हैस विकली. हुकूम आला तेव्हा पोरगी भिंत धरून उभी राहायला लागली होती. महिना दोन हजार, दोघींचे मिळून, आणि तेही हुकुमाच्या तारखेपासून. आधीचे चौदा महिने गेले, म्हणजे म्हैस गेली. तेव्हा अर्जाच्या तारखेपासून द्यायचं का, हे कोर्टाच्या मर्जीवर असायचं. पुढं नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची. ताईनं ते पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. बोलली काहीच नाही.

त्याच्याकडून निरोप आला होता, सहमतीनं फारकत देतो, पैसे सोडा. ताई तयारही झाली होती; वैतागलं की माणूस कशालाही तयार होतं. वकीलबाईंनीच अडवलं. "तू तुझं सोडशील गं. पोरीचं तुला सोडता येत नाही, ते तिचं आहे." मग कागदावर पोरीचं वेगळं लिहून घेतलं आणि 2012 मध्ये फारकत झाली.

पैसे वेळेवर कधीच आले नाहीत. थकलेली पोटगी वर्षाच्या आत मागावी लागते, म्हणून ताई दर सहा-आठ महिन्यांनी पासबुक घेऊन कल्याणला जायची. पोरगी मोठी झाली तशी तीही सोबत जायला लागली. कोर्टाबाहेरचा वडा तिला आवडायचा.