धातूची धास्ती

पेण

चि. भाच्यास,


डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे असलेला तुझा खोलीवरचा सोबती 'धात जाते' म्हणून जेवेनासा झालाय, हे तू फोनवर दबक्या आवाजात सांगितलंस. आजूबाजूला माणसं होती, म्हणून आता लिहितो.

ही धास्ती त्याच्या एकट्याची नाही. धात म्हणजे धातू. आयुर्वेदाच्या सात धातूंत शुक्र, म्हणजे वीर्य, शेवटचा, म्हणून सगळ्यांचं सार. पुढे रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब, असा हिशेब लोकांच्या तोंडी बसला आणि ब्रह्मचर्याच्या पुस्तकांनी तो तरुणांच्या मनावर ठसवला. मग झोपेत वीर्य गेलं तरी अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. पाठ दुखते, झोप उडते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये या त्रासाला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं.

युरोपही यातून सुटला नव्हता. तिथे हस्तमैथुन हे पाप होतंच. स्विस डॉक्टर तिसो याच्या 1760 च्या ग्रंथाने त्याला रोगही ठरवलं.

मराठीत या भीतीला भिडले र. धों. कर्वे. 1927 मध्ये त्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवरच्या वाचकांच्या शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्यावरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही कर्वे हरले. 200 रुपये दंड झाला.

उत्तर देणाऱ्याला दंड झाला, भीती विकणाऱ्यांचं मात्र फावलं. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' भिंतींवर रंगलेलं दिसतंच. घरापासून लांब, लाजेपोटी कुणाला विचारता न येणारा कामगार तिथेच पैसे ओततो.

त्याला सांग, वीर्य रक्तातून आटून तयार होत नाही. ते शरीर सतत बनवतं, एका वेळी जातं ते चमचाभरच, आणि स्वप्नदोष हा आजार नाही. लघवी पांढरट दिसली म्हणजे धात गेली असं नाही, ती कधीकधी क्षारांमुळेही तशी दिसते. पण जळजळ किंवा पू असेल, तर पेणच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ताठरता येत नसेल तर साखर आणि रक्तदाबही बघावा. एकट्याला संकोच वाटला तर सुट्टीच्या दिवशी तू सोबत जा, आणि कुठलंही पुडीवालं औषध डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला घेऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा