हुकमाची दुर्री

फराळाची ताटे उचलली की आमच्या माजघरात सतरंजी पसरली जाई आणि पत्त्यांचा जोड बाहेर निघे. लहानपणी मला पानांच्या मानपानाची मोठी मौज वाटे. राजा राणीच्या वर, राणी गुलामाच्या वर, हे समजत होते. पण दुर्रीहूनही लहान असा एक्का राजाच्या डोक्यावर कसा बसतो, ते काही उमजत नसे.

पुढे कळले, पानाला स्वतःची थोरवी नसतेच. ती खेळ देतो. बदामसातात पहिला मान बदामाच्या सत्तीला. एक्के आणि राजे दोन्ही टोकांना ताटकळत राहतात. ब्रिजच्या बोलीत किलवर सर्वांत खाली, त्यावर चौकट, मग बदाम आणि सर्वांच्या वर इस्पिक. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पाने आणि दहा अवतारांचे दहा रंग. निम्म्या रंगांत राजा-वजिरांखाली दश्शी थोर, उरलेल्या निम्म्यांत एक्का. तीन पत्तीत तर चक्क हिशेबच आहे. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत नुसत्या कलरचे 1,096 आणि नुसत्या सिक्वेन्सचे 720. जे दुर्मीळ ते थोर, म्हणून सिक्वेन्स कलरला मारते. पाच पानांच्या पोकरात कलर अधिक दुर्मीळ, तेव्हा तिथे हाच निकाल उलटा लागतो.

हे आकडे मी पुढे शिकलो. खरा धडा मिळाला तो 1989 च्या पाडव्याला.

आमची आत्या वडिलांहून मोठी. तरुणपणीच वैधव्य येऊन माहेरी परतलेली. घरातले सारे तिच्या हातचे. पण ओवाळायची वेळ आली की ती आपणहून स्वयंपाकघरात जाई. तिला कुणी ‘जा’ म्हणत नसे. ‘थांब’ असेही कुणी म्हणत नसे. पत्त्यांना मात्र ती हवीच असे.

त्या रात्री मेंढीकोट रंगला होता. आत्या आणि मी भिडू. विरुद्ध बाजूला वडील आणि काका. वडिलांनी बदामाच्या एक्क्याची उतारी केली. मी तिर्री टाकली. हात आपलाच, म्हणून काकांनी निर्धास्तपणे बदामाची दश्शी, म्हणजे मेंढीच, त्यावर ठेवली. आत्याकडे बदाम नव्हते. तिने किलवरची दुर्री हळूच पुढे सरकवली आणि म्हणाली, “हुकूम.”

मेंढीसकट हात आमचा झाला. वडील त्या दुर्रीकडे पाहून मोठ्याने हसले. मग हसता हसता गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. धाकट्या आत्याचे ओवाळून झाले, तरी वडील पाटावरून उठेनात. त्यांनी आत हाक मारली, “ताई, तबक घे आणि ये.”

उत्तर आले नाही.

“तू आल्याशिवाय मी उठायचा नाही,” वडील म्हणाले.

बऱ्याच वेळाने ती आली, ओले हात पदराला पुसत. आजी काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. ओवाळताना तबकातले निरांजन थरथरत होते, एवढे मला आठवते.

त्यानंतर ती दर भाऊबिजेला ओवाळी. पण त्याआधीची कितीतरी वर्षे ती आत बसून राहिली, आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगे दिसले नव्हते, याची रुखरुख अजून जात नाही.

आज आत्या नाही, वडीलही नाहीत. सतरंजी मात्र पसरली जाते. पाने पिसता पिसता मुले विचारतात, “सर्वांत मोठे पान कोणते?”

मी म्हणतो, “आधी खेळ ठरवा, मग सांगतो.”