खांब फुटतो तेव्हा

गणपतीच्या देखाव्यांचं तंत्र सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. प्रयत्न करतो, पण डोक्यातून परळचा एक खांब जात नाही.

नरसिंहाच्या देखाव्यासाठी आम्ही प्लायवूडचा खांब दोन फाकांत बांधला होता. आधी त्यावर प्रोजेक्टरने तडे धावायचे, गडगडाट चढत जायचा आणि आवाज टिपेला पोहोचला की मोटर फिरून फाका खरोखर अलग व्हायच्या. पुढच्या रांगेतली माणसं दचकून मागे सरायची. यंदा मंडळाने हे सगळं काढून एलईडी भिंत लावली. तिच्यातला नरसिंह आमच्यापेक्षा रेखीव होता. लोकांनी मोबाइल उंचावून त्याचं चित्रण केलं आणि ते पुढे गेले. मागे कुणीही सरलं नाही.

हे सांगितलं की कार्यकर्ते म्हणतात, तुमचं प्रोजेक्टरशी वैर आहे. अजिबात नाही. पण प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातली काळी रात्र म्हणजे मंडपातलाच अंधार. रस्त्यावरचा हॅलोजन आत डोकावला की ती रात्र राखाडी होते. उलट, मोटरीला धावता तडा जमत नाही, पण ती वजन हलवते, आणि वजन हललेलं माणसाला अंगात कळतं. म्हणून तडा उजेडाचा, फाक लाकडाची. या दोहोंत क्षणाचंही अंतर पडलं तर लबाडी उघडी पडते. सगळं कौशल्य त्या सांध्यात आहे, आणि मोबदल्याची बोलणी होतात तेव्हा नेमकं तेच कुणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट, पाहणारा उभा कुठे आहे? १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षकांसमोर तिरकी काच, आणि त्यांना न दिसणाऱ्या जागी प्रखर उजेडात नट. नट काचेच्या जितका अलीकडे, तितकंच त्याचं प्रतिबिंब पलीकडे उभं राहतं. डिस्नीलँडमध्ये १९६९ साली उघडलेल्या ‘हाँटेड मॅन्शन’च्या नाचघरातली भुतं याच युक्तीची आहेत. तिथे प्रेक्षक गाडीत बसतो आणि गाडीच त्याचं तोंड हव्या त्या बाजूला वळवते. खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात ‘राजासॉरस’ची सफर करताना हे काम होडी करते. सिनेमात तर हे आणखी सोपं: दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ घडवताना दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा थांबवून, फिल्मवर पुन्हा चित्रण करून चमत्कार साधले. त्यांना एकाच भिंगाची नजर सांभाळायची होती. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला तेव्हा प्रत्येक खुर्चीतून चमत्कार तोच दिसला.

लालबागच्या गल्लीत तसं नसतं. रांग बाजूने येते, वळते, रेंगाळते. मुलं बापाच्या खांद्यावर असतात. बाजूने पाहिलं की काचेची कड दिसते आणि भूत मरतं. त्यामुळे मंडळाकडे मी आधी मूर्तीची उंची विचारत नाही, रांगेचा मार्ग विचारतो. बहुतेकांना हा प्रश्न विक्षिप्त वाटतो. मार्ग पोलिसांशी बोलून शेवटच्या आठवड्यात ठरतो, तोवर आमचा सांगाडा उभा झालेला असतो.

कार्यशाळेतली नवी मुलं संगणकावर माझ्याहून कितीतरी सफाईने तडे काढतात, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण गाडीच्या वायपरच्या मोटरीला तरफ जोडून पुतळ्याचा हात नुसता वरखाली नव्हे, थबकत, वजन पेलत कसा उचलायचा, हे शिकायला कुणी थांबत नाही. पुढच्या वर्षी खांब पुन्हा करायचा ठरला तर फाका मीच बसवीन. एका मुलाने तरी शेजारी उभं राहून ते पाहावं, एवढी अट मात्र घालणार आहे.